५५ किलोमीटरचा वारा, २८ नॉटचा वारा: वेगाची एकके बदलण्याची रीत

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. शाळा सुटल्यावर नववीतला एक मुलगा माझ्यासाठी थांबला. त्याचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. हवामान खात्याचा इशारा आला होता: ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, वेग मध्येच ६५ पर्यंत जाईल, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. वडिलांच्या मोबाईलमधल्या वाऱ्याच्या अॅपवर मात्र २८ दिसत होते. "सर, बाबा म्हणतायत, खात्याने सांगितलंय त्याच्या निम्माच वारा आहे. मग जायला काय हरकत?"

मी मोबाईल हातात घेतला. २८ च्या शेजारी अगदी बारीक अक्षरात 'नॉट' लिहिलं होतं. २८ नॉट म्हणजे ताशी ५२ किलोमीटर. वारा निम्मा नव्हता, खात्याने सांगितलेलाच होता. होडी त्या दिवशी बंदरात राहिली.

एककांचं रूपांतर हा धडा मुलं परीक्षेपुरता करतात आणि विसरतात. मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण रस्त्यावर, समुद्रात, विमानात आणि वळवाच्या पावसात आपण वेगाचे आकडे बघूनच निर्णय घेतो. म्हणून सगळी रीत एकदा सविस्तर लिहितो. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. जिथे तोंडी जमतं तिथे तोंडी रीतही देतो.

मुळातली रीत एकच

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. त्यामुळे वेगाच्या एककात नेहमी दोन एककं असतात, वर अंतराचं आणि खाली वेळेचं. रूपांतर करताना या दोघांना एकेक करून बदलायचं. शाळेतलं त्रैराशिक आठवत असेल तर नवीन काहीही शिकायचं नाही.

ताशी ७२ किलोमीटर घ्या. आधी पूर्ण लिहा: ७२ किलोमीटर, १ तासात. आता फक्त वरचं बदला: ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर. मग खालचं: १ तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार करा. ७२,००० भागिले ३,६०० म्हणजे २०. उत्तर सेकंदाला २० मीटर.

शेवटची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते: उत्तर मोठं यायला हवं होतं की लहान, हे बघायचं. १,००० भागिले ३,६०० याला संक्षेप दिला की ५/१८ येतो. मुलं तो पाठ करतात आणि घाईत उलटा वापरतात. तसं केलं तर ताशी ७२ चे सेकंदाला २५९ मीटर होतात, म्हणजे एसटी जेट विमानाच्याही पुढे जाते. एवढं लक्षात ठेवा की एकाच वेगासाठी 'ताशी किलोमीटर'चा आकडा नेहमी मोठा आणि 'सेकंदाला मीटर'चा नेहमी लहान. ३६ ला १०, ही जोडी डोक्यात पक्की बसवली की ५/१८ उलटा वापरायची भीती राहत नाही. ७२ ला २०, १०८ ला ३० आणि निम्म्या १८ ला ५ आपोआप येतात.

आता तोंडी रीत, आणि ही अंदाजाची नाही, तंतोतंत आहे.

सेकंदाला मीटरवरून ताशी किलोमीटर: चौपट करा, आलेल्या उत्तराचा दहावा भाग वजा करा. २० ची चौपट ८०, त्यातून ८ गेले, ७२.

ताशी किलोमीटरवरून सेकंदाला मीटर: चौथा भाग घ्या आणि त्यात त्याचाच नववा भाग मिळवा. ९० चा चौथा भाग २२.५, त्याचा नववा २.५, एकूण २५. नववा भाग काढायचा कंटाळा आला तर दहावा मिळवा, शेकडा एकची चूक होईल.

हे रोजच्या कामाचं आहे. द्रुतगती मार्गावर ताशी १०० ने जाताना गाडी सेकंदाला २७.८ मीटर पुढे सरकते. मोबाईलकडे दोन सेकंद बघितलं की ५५ मीटर रस्ता न बघता कापलेला असतो. 'ताशी शंभर' ऐकून जे जाणवत नाही ते 'सेकंदाला अठ्ठावीस मीटर' ऐकून जाणवतं. माझ्या मते गाडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने शिकाऊ माणसाकडून हे एक गणित सोडवून घ्यावं.

मैल

१९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी यार्डाची लांबी आपसात ठरवून घेतली, तेव्हापासून १ मैल म्हणजे बरोबर १.६०९३४४ किलोमीटर. तोंडी हिशेबाला १.६ पुरतात: दीडपट करा आणि मूळ आकड्याचा दहावा भाग मिळवा. अमेरिकेतल्या भाचीच्या गाडीचा काटा ६५ वर असेल तर दीडपट ९७.५, दहावा भाग ६.५, एकूण १०४. खरं उत्तर १०४.६. उलट जाताना निम्मे अधिक आठवा भाग: १०० चे ५० अधिक १२.५, म्हणजे ६२.५ मैल. खरं ६२.१.

अशी रीत कुठे थांबवायची तेही कळायला हवं. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरचा चेंडू ताशी १६१.३ किलोमीटर मोजला गेला, म्हणजे ताशी १०० मैलांच्या वर. तोंडी रीतीने १६० किलोमीटरलाही बरोबर १०० मैल येतात, पण नीट भागाकार केला तर १६० चे ९९.४ च होतात. विक्रमाचा प्रश्न असेल तेव्हा तोंडी रीत बाजूला ठेवा आणि १.६०९३४४ नेच भागा. १६१.३ चे मग १००.२ येतात आणि शंका मिटते.

नॉट

हे माझं आवडतं एकक, कारण त्याच्या नावातच ते मोजण्याची पद्धत आहे. नॉट म्हणजे गाठ. शिडाच्या जहाजावर दोरीला त्रिकोणी लाकडी फळी बांधून ती मागच्या बाजूने पाण्यात टाकत. फळी पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ. एक खलाशी २८ सेकंदांची वाळूची घटिका उलटी करी, दुसरा हातातून सुटणाऱ्या गाठी मोजी. वाळू संपेपर्यंत सहा गाठी गेल्या, तर जहाज सहा नॉटने चाललं आहे.

आपल्या रीतीने पडताळून बघा. ४७ फूट ३ इंच म्हणजे १४.४ मीटर. भागिले २८ सेकंद, सेकंदाला ०.५१४ मीटर. चौपट करून दहावा भाग वजा करा: ताशी १.८५ किलोमीटर. आजचा नॉट १.८५२ आहे. दोरी आणि वाळूवर चालणाऱ्या त्या माणसांनी हिशेब किती चोख बसवला होता, हे बघून दरवेळी आदर वाटतो.

१.८५२ हा आकडा आला पृथ्वीवरून. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एका भागाचं जमिनीवरचं अंतर म्हणजे एक सागरी मैल. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने हे अंतर जागोजागी थोडं बदलतं, म्हणून १९२९ मध्ये मोनॅको इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते १,८५२ मीटर असं कायम केलं. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. 'तासाला' हे नॉटमध्येच आलं, म्हणून 'ताशी ३० नॉट' लिहिणं चूक आहे. बातम्यांत हे वारंवार दिसतं.

तोंडी रीत अशी. नॉटवरून ताशी किलोमीटर: दुप्पट करा, मूळ आकड्याचे शेकडा १५ वजा करा. ३० नॉटचे ६०, त्यातून ४.५ गेले, ५५.५. उलट जाताना: निम्मे करा, मूळ आकड्याचे शेकडा ४ मिळवा. ५५ चे २७.५ अधिक २.२, म्हणजे २९.७ नॉट. ही दुसरी रीत इतकी अचूक आहे की कॅल्क्युलेटरची गरजच लागत नाही.

त्या मुलाने वडिलांच्या केबिनसाठी एक पट्टी करून नेली. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी:

१० नॉट – ताशी १९ किमी
१५ नॉट – २८
२० नॉट – ३७
२५ नॉट – ४६
३० नॉट – ५६
३४ नॉट – ६३
४० नॉट – ७४

पट्टीत ३४ मुद्दाम घातले आहेत. तिथून पुढे हवामान खातं 'चक्रीवादळ' हा शब्द वापरतं: ३४ ते ४७ नॉट चक्रीवादळ, ४८ ते ६३ तीव्र चक्रीवादळ, ६४ ते ८९ अतितीव्र. खात्याच्या तक्त्यात चक्रीवादळासाठी ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असं छापलेलं असतं आणि चौकस वाचक विचारतो की ३४ नॉटचे तर ६३ होतात, मग ६२ कसे? कारण ३३ नॉटचे ६१ होतात. नॉटमध्ये सीमारेषा ३३ आणि ३४ यांच्या मध्ये आहे, किलोमीटरमध्ये उतरवताना ती ६१ आणि ६३ यांच्या मध्ये पडते, म्हणून ६२ पासून पुढची पायरी धरली. पूर्णांकांत रूपांतर केलं की अशा फटी पडतातच. यात कोणाची चूक नाही.

विमानतळाच्या हवामान अहवालातला वाराही आपल्याकडे नॉटमध्ये असतो. '२४०१२ केटी' असं दिसलं तर पहिले तीन आकडे दिशेचे आणि शेवटचे दोन वेगाचे: वारा २४० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्य आणि पश्चिम यांच्या मधून, १२ नॉटने येतो आहे. ताशी २२ किलोमीटर, मुंबईतला पावसाळी वारा.

घड्याळाची दोन फसवी गणितं

रूपांतर बरोबर असूनही उत्तर चुकतं ते बहुधा वेळेमुळे. १५० किलोमीटरच्या प्रवासाला २ तास ४५ मिनिटं लागली, तर १५० ला २.४५ ने भागायचं नाही. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, म्हणजे २.७५. पहिल्या उत्तरात ताशी ६१ येतात, खरे आहेत ५४.५. आपल्या आजोबांच्या पाउणकीच्या पाढ्यात ही चूक होणंच शक्य नव्हतं.

दुसरं म्हणजे सरासरी. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४०, तर सरासरी ५० नव्हे. अंतर १२० किलोमीटर धरा: जायला २ तास, यायला ३, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ४८. सावकाश भागात गाडी जास्त वेळ असते, म्हणून सरासरी तिकडे झुकते.

धावणारे लोक वेग उलटा सांगतात, किलोमीटरला किती मिनिटं. ६० ला त्या मिनिटांनी भागा: किलोमीटरला ६ मिनिटं म्हणजे ताशी १०, साडेसात मिनिटं म्हणजे ताशी ८. चार तासांत मॅरेथॉन करायची तर २४० मिनिटं भागिले ४२.१९५, म्हणजे ५.६९ मिनिटं. इथेही तेच, ५.६९ म्हणजे ५ मिनिटं ६९ सेकंद नव्हे. ०.६९ ला ६० ने गुणा, ४१ सेकंद.

आवाजाचा वेग: इथे आधी तापमान विचारायचं

आतापर्यंतची सगळी रूपांतरं ठरावीक आकड्याने गुणून झाली. आवाजाच्या वेगाशी तसं वागता येत नाही. 'आवाजाचा वेग ताशी किती?' या प्रश्नावर पहिला प्रतिप्रश्न असा हवा: कशातून, आणि किती तापमानाला?

हवेचे रेणू एकमेकांना धक्का देत आवाज पुढे नेतात. हवा जितकी गरम तितके रेणू चपळ, म्हणून आवाजही वेगवान. दाबाचा परिणाम होईल असं वाटतं, पण त्याच तापमानाला दाब कमी झाला की हवा त्याच प्रमाणात विरळ होते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. राहतं ते तापमान. दमट हवेने वेग किंचित वाढतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेकंदाला दोनेक मीटर. हिशेबात तो सोडून दिला तरी चालतो.

या गणिताने न्यूटनलाही चकवलं होतं. त्याने १६८७ मध्ये मांडलेल्या सूत्राने शून्य अंशाला सेकंदाला सुमारे २८० मीटर येतात, प्रत्यक्षात मोजले तर ३३१. त्याने धरलं होतं की आवाजाची लाट जाताना हवेचं तापमान बदलत नाही. लाट इतकी झटपट जाते की दबलेल्या हवेतली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, हे लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं. त्यामुळे सूत्रात वर्गमुळाच्या आत १.४ चा गुणक आला. १.४ चं वर्गमूळ १.१८३. २८० ला त्याने गुणा: ३३१.

व्यवहारातलं सूत्र एका ओळीचं आहे: ३३१ मध्ये तापमानाच्या सहा दशांश मिळवा. तापमान सेल्सिअसमध्ये, उत्तर सेकंदाला मीटर. ३० अंशांना ३३१ अधिक १८, म्हणजे ३४९. ताशी किलोमीटर हवे असतील तर आपली जुनी रीत: चौपट १,३९६, दहावा भाग वजा, १,२५६. साधारण आकडे असे येतात:

० अंश – सेकंदाला ३३१ मीटर, ताशी १,१९२ किमी
१५ अंश – ३४०, ताशी १,२२५
३० अंश – ३४९, ताशी १,२५६
४५ अंश – ३५८, ताशी १,२८८

महाबळेश्वरची १० अंशांची पहाट आणि विदर्भातली ४५ अंशांची दुपार यांत आवाजाच्या वेगाचा फरक ताशी ७५ किलोमीटरचा आहे. एसटीच्या वेगाइतका! खूप थंडीत मात्र हे सोपं सूत्र थोडं जास्त सांगतं. तिथे तापमानात २७३ मिळवा, वर्गमूळ काढा आणि २०.०५ ने गुणा. विमानं ज्या ११ किलोमीटर उंचीवर उडतात तिथे प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश धरतात. या सूत्राने तिथे सेकंदाला २९५ मीटर येतात, म्हणजे ताशी १,०६२ किलोमीटर.

मॅक म्हणजे एकक नव्हे

वस्तूचा वेग भागिले तिथल्या हवेतला आवाजाचा वेग, हा झाला मॅक अंक. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञावरून हे नाव पडलं आणि इंग्रजी उच्चाराने आपल्याकडे मॅक झालं. हे नुसतं गुणोत्तर आहे, त्याला किलोमीटर नाहीत आणि तासही नाहीत. म्हणून मॅकवरून ताशी किलोमीटर काढताना दोन पायऱ्या हव्यातच: आधी तिथल्या तापमानाला आवाजाचा वेग काढा, मग मॅकने गुणा.

प्रवासी विमान ११ किलोमीटर उंचीवर मॅक ०.७८ ने चाललं आहे. १,०६२ गुणिले ०.७८, ताशी ८२८ किलोमीटर. तेच ०.७८ जमिनीवरच्या ३० अंशांच्या हवेत धरले तर ९८० येतात. दीडशे किलोमीटरचा फरक, आणि मॅक अंक तोच.

ब्रह्मोसचा वेग मॅक २.८ सांगतात. कोणी १,२२५ ने गुणून ताशी ३,४३० लिहितं, कोणी १,०६२ ने गुणून २,९७४. दोन बातम्यांत दोन आकडे दिसले की लोक म्हणतात एक खोटा आहे. गुणाकार दोन्हीकडे बरोबर आहे, तापमान कुठलं धरलं ते लिहायचं राहिलं आहे.

या रीतीची खरी गंमत जुन्या विक्रमांवर लावून बघितली की कळते. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगरने बेल एक्स-१ विमानातून आवाजाचा वेग ओलांडला, मॅक १.०६, ताशी ७०० मैल. किलोमीटर करा: ७०० गुणिले १.६०९, म्हणजे १,१२६. आणि जमिनीवर १५ अंशांना आवाजाचा वेग १,२२५! म्हणजे येगर जमिनीवरच्या आवाजापेक्षा हळूच गेला. पण तो तेरा-एक किलोमीटर उंचीवर गोठवणाऱ्या हवेत होता, तिथे आवाज १,०६२ ने जातो. १,१२६ भागिले १,०६२ म्हणजे १.०६. फळ्यावर हे उत्तर जुळतं तेव्हा वर्गात क्षणभर शांतता होते, आणि मला ती फार आवडते.

पुढे १५ ऑक्टोबर १९९७ ला अँडी ग्रीनने अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात 'थ्रस्ट एसएससी' ही गाडी ताशी १,२२८ किलोमीटरने चालवली आणि जमिनीवर आवाजाचा वेग ओलांडला. आता हीच गाडी, याच वेगाने, आपल्याकडच्या ३३ अंशांच्या हवेत धावली असती तर? ३३१ अधिक १९.८ म्हणजे सेकंदाला ३५०.८ मीटर, ताशी १,२६३. मॅक ०.९७. आवाजाचा वेग ओलांडलाच गेला नसता.

वीज किती दूर पडली?

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा वीज चमकली त्याच क्षणी ती पडली असं धरा. आवाजाला एक किलोमीटर यायला ३० अंशांच्या हवेत २.९ सेकंद लागतात. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. १२ सेकंद म्हणजे ४ किलोमीटर. पाचने भागायची रीत काहींनी ऐकलेली असते. ती मैलांची आहे. एकक न बघता ती वापरली तर ४ किलोमीटर दूरची वीज अडीच किलोमीटरवर वाटेल. हा आकडा निदान माणसाला लवकर घरात पळवतो. उलटी गफलत झाली तर जिवावर बेतेल.

शेतात असाल तर अंतर काढत बसू नका. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली मुळीच थांबू नका.

स्वतः मोजून बघा

मोठी सपाट भिंत आणि समोर मोकळं मैदान एवढंच लागतं. शाळा त्यासाठी उत्तम. टेपने भिंतीपासून ६० मीटर मोजा, तिथे उभं राहून जोरात टाळी वाजवा. प्रतिध्वनी स्पष्ट येतो. आता एका लयीत टाळ्या वाजवत राहा आणि लय अशी जुळवा की प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध पडेल: टाळी, प्रतिध्वनी, टाळी, प्रतिध्वनी, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. भजनात टाळ धरणारी मुलं हे पटकन जमवतात, बाकीच्यांना पाच मिनिटं लागतात.

लय बसली की दुसऱ्याने स्टॉपवॉच लावायचं. पहिल्या टाळीला 'शून्य' म्हणा, मग एक, दोन, वीसपर्यंत. आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो तेव्हा १२० मीटर होतात, आणि एका टाळीपासून पुढच्या टाळीपर्यंत असे दोन फेरे बसतात, म्हणजे २४० मीटर. वीस वेळा ४,८०० मीटर. आमच्या मुलांना १३.८ सेकंद मिळाले. ४,८०० भागिले १३.८, सेकंदाला ३४८ मीटर, ताशी १,२५२ किलोमीटर. थर्मामीटर ३० दाखवत होता, सूत्र ३४९ म्हणतं.

तुमचं उत्तर ३६७ च्या आसपास आलं तर पहिल्या टाळीला 'एक' म्हटलंत. वीस टाळ्यांमध्ये अंतरं एकोणीसच असतात. आणि स्टॉपवॉच दाबण्यात ०.३ सेकंदांची चूक झाली तर उत्तर सात-आठ मीटरने हलतं, म्हणून ३४७.८२६ असं लिहू नका. मोजणं जेवढं बारीक तेवढंच उत्तर बारीक. हाच नियम ताशी ४५ किलोमीटरचे नॉट करतानाही: २४ लिहा, २४.२९८ नको, कारण मूळचा ४५ च अंदाजाचा आहे.

पाण्यातला आवाज

पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. १८२६ साली कोलाडों आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून, त्याच वेळी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवून आणि दूरच्या होडीतून पाण्यात बुडवलेल्या लांब नळीला कान लावून हा वेग मोजला. ८ अंशांच्या पाण्यात त्यांना सेकंदाला १,४३५ मीटर मिळाले. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो १,५०० च्या घरात असतो. ताशी करायचं तर चौपट ६,०००, वजा ६००, म्हणजे ५,४०० किलोमीटर. याला कोणी मॅक ४ म्हणू नये. मॅक मोजताना वस्तू ज्यातून जाते त्यातलाच आवाजाचा वेग घेतात.

तांडेलच्या केबिनमधला फिश फाइंडर हेच गणित अखंड करत असतो. खाली आवाज सोडतो, तळावरून परत यायला लागलेला वेळ मोजतो, वेगाने गुणतो आणि निम्मे करतो, कारण आवाज गेला आणि आला. ०.०५३ सेकंद गुणिले १,५०० म्हणजे ८० मीटर, निम्मे ४०. जुनी माणसं दोरी सोडून वाव मोजत तेच काम. बऱ्याच यंत्रांत १,५०० हाच आकडा धरलेला असतो. आपल्या अरबी समुद्राचं २८ अंशांचं पाणी आवाजाला सेकंदाला १,५४० मीटरने नेतं. तेव्हा पडद्यावर ४० दिसतात तिथे पाणी खरं तर ४१ मीटर असतं, आणि चूक होते ती होडीच्या बाजूने.